गिऱ्हाईकाची बोली



गेल्या महिन्यात एका सायंकाळी आमच्या गावातील एक तरुण आपल्या पत्नीसह माझ्याकडे आला. खुर्चीवर बसता बसता त्याने एक विनंती केली. "फादर, रविवारी मिस्सानंतर सूचना वाचता ना, त्यात आमच्या दुकानाचे नाव घ्याल का?" वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर, उचगाव फाट्याच्या आसपास, त्याने चपलांचे एक लहानसे दुकान घातले आहे. त्याचे वडील निपाणीकडचे. चामड्याचे कसब घरातच होते. काही माल तो स्वतः शिवतो, काही निपाणीहून आणतो. सोसायटीचे कर्ज काढून दुकान उभे केले, त्याला चार महिने झाले होते आणि पहिले दोन हप्ते थकले होते. बोलता बोलता त्याच्या पत्नीने आपल्या मोकळ्या मनगटाकडे एकदा पाहिले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. बांगड्या कोठे गेल्या, हे मी विचारले नाही.

वेदीजवळून दुकानांची नावे घेण्याची प्रथा मी पाडणार नाही, असे मी त्याला सांगितले. एकाचे नाव घेतले की दुसरा रुसतो, आणि वेदी ही काही बाजारपेठ नव्हे. पण तो खालच्या मानेने निघून गेला तेव्हा मनाला चुटपुट लागली. म्हणून दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मीच त्याच्या दुकानात जाऊन दोन तास एका बाकावर बसून राहिलो. मंगळवारी व शुक्रवारी मळेकरणीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची आमच्या गावाकडे वर्दळ असते, हे वाचकांना ठाऊक आहेच. शिवाय हा रस्ता बेळगावाहून निघतो, थोड्याच अंतरावर शिनोळीपाशी महाराष्ट्रात शिरतो आणि पुढे चंदगडमार्गे कोकणात उतरतो. म्हणजे गिऱ्हाईक नाही, असे म्हणण्याची सोय नव्हती.

दोन तासांत अकरा माणसे दुकानासमोर थांबली. त्यांपैकी फक्त दोघांनी खरेदी केली. बाकीचे नऊजण का गेले? मालात खोट नव्हती आणि किंमत बेळगावपेक्षा कमीच होती. एक वयस्क कन्नड गृहस्थ पत्नीसह आले. आमच्या तरुणाने भ्रमणध्वनीवरची नजर अर्धवट उचलून त्यांना हिंदीत "क्या चाहिए?" असे विचारले. गृहस्थांनी एक जोड हातात घेऊन पाहिला, जागेवर ठेवला आणि ते निघून गेले. मग चंदगडकडचे एक शेतकरी आले. त्यांच्याशी मराठीत बोलणे झाले, पण ते इतके तोडके की त्यांना बसा म्हणण्याचेही कोणास सुचले नाही. नंतर गोव्याच्या मोटारीतून एक कुटुंब उतरले. त्यातील बाईंनी "तुजेकडेन ल्हान माप आसा?" असे विचारताच आमच्या तरुणाचा चेहरा उतरला. त्या बाईंनी आपल्याला एकेरी संबोधले, असे त्याला वाटले.

ही शेवटची गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. गोव्याचा कोकणी माणूस, विशेषतः तेथील ख्रिस्ती माणूस, सहजपणे 'तूं' म्हणतो. त्यात अनादर नसतो, असलाच तर जिव्हाळा असतो. आपण मराठी माणसे मात्र 'अहो' आणि 'अरे' यांच्यामध्ये मोठी भिंत बांधून बसलो आहोत. इकडे कन्नडची रीत आणखी निराळी. आपल्या भागातील कन्नड माणूस शब्दाच्या शेवटी 'री' जोडतो, तो मानाचा. "बा" म्हणजे ये, आणि "बर्री" म्हणजे या. दहा कन्नड शब्द शिकून आलेला एखादा हौशी दुकानदार म्हाताऱ्या गृहस्थांना "बा, बा" म्हणून हात करतो. त्याला वाटते आपण भाषा बोललो, आणि त्या गृहस्थांना वाटते याने आपल्याला पोरासारखे बोलावले. यापेक्षा त्याने मराठीतच "या, बसा" म्हटले असते तर बरे झाले असते. अर्धवट शिकलेल्या भाषेत आधी मानाचे शब्द शिकावेत आणि मग वस्तूंची नावे. (आमच्या एका वृद्ध बाई पूर्वी "एन बेक्री?" हे शब्द ऐकून दुकानात पाव मिळतो काय म्हणून विचारीत असत. 'काय हवे' एवढाच त्याचा अर्थ आहे, हे त्यांना पुष्कळ दिवसांनी कळले.)

भाषेच्या बाबतीत मी काही मोठा शहाणा आहे, असे वाचकांनी समजू नये. माझ्या मूर्खपणाची एक गोष्ट सांगतो. पूर्वीच्या एका धर्मग्रामात स्त्रियांच्या मंडळाने कैरीचे लोणचे घातले होते. ते खपवून देण्याची हौस मला आली. गोव्यातील एका दुकानदाराला मी नमुना दिला. त्याने चव घेतली, मान डोलावली आणि हसून म्हटले, "पळोवया." मला वाटले, काम झाले! आठवड्याने दोनशे बरण्या टेंपोत घालून मी त्याच्या दारात उभा राहिलो. बिचारा ओशाळला. 'पळोवया' म्हणजे 'पाहू या'. आणि 'पाहू या' म्हणजे काय, हे आपल्याला मराठीत उत्तम कळते. घरी मागणी घालायला आलेल्यांना आपण "बघू" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो? कन्नड माणूस "नोडोण" म्हणतो, त्याचाही अर्थ तोच. तिन्ही भाषांत नकार देण्याची एकच सभ्य रीत आहे, आणि मी मात्र परक्या भाषेत तो शब्द ऐकताच त्याला होकार समजून बसलो. टेंपोचे भाडे माझ्या खिशातून गेले हे योग्यच झाले. पण त्या स्त्रियांची तेलामिठाची रक्कम कित्येक महिने अडकून पडली, याचे शल्य अजून आहे. तेव्हापासून मी कोणत्याही भाषेतील होकार 'किती, कोणत्या दिवशी, कोणत्या दराने' या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून होकार मानीत नाही.

परभाषिकांशी व्यवहार म्हणजे नुसते शब्द नव्हेत, त्यांचे पंचांगही आले. आपल्या सीमाभागातील दिनदर्शिका उघडून पाहा. ज्येष्ठी पौर्णिमेला 'कर्नाटकी बेंदूर' छापलेला असतो, त्यालाच कन्नड लोक 'कारहुण्णिमे' म्हणतात. पुढे आषाढात 'महाराष्ट्रीय बेंदूर' येतो. बैलांच्या झुली, गोंडे, शिंगांचा रंग विकणाऱ्याला हा केवढा लाभ! एकच माल, दोन सण, आणि पहिल्या सणाला उरलेला माल दुसऱ्या सणाला खपतो. पण हे ज्याला ठाऊक असेल त्यालाच. अमावास्येचेही तसेच. आपल्या पुष्कळ मराठी घरांत दिवाळीचे लक्ष्मीपूजन सोडले तर अमावास्येला नवे काम काढीत नाहीत. कन्नड मुलुखातील अनेक व्यापारी मात्र दर अमावास्येला दुकानाची व वाहनाची पूजा करतात, त्यामुळे तो दिवस त्यांना शुभ. हार-फुले, नारळ, लिंबे विकणाऱ्या आपल्या भगिनींनी हे ध्यानात ठेवले तर त्यांचा तो दिवस रिकामा जाणार नाही. आपण ख्रिस्ती माणसे हे सण पाळीत नाही हे खरे, परंतु शेजाऱ्याचा सण कोणत्या दिवशी आहे हे ठाऊक असण्यात कसले पाप?

आमच्या पश्चिम भागातील रताळ्यांचेच पाहा ना. बेळगावच्या मार्केट यार्डात उतरलेली रताळी पुढे उत्तर हिंदुस्थानात जातात. आपण ज्याला रताळे म्हणतो, ते कन्नडमध्ये गेणसु आणि उत्तरेत शकरकंद. तेथे त्याला मागणी येते ती नवरात्राच्या, महाशिवरात्रीच्या उपवासांमुळे. म्हणजे आमच्या तांबड्या मातीत रताळ्याचा वेल केव्हा लावावा, याचा थोडासा निर्णय शेकडो कोसांवरील एखाद्या गृहिणीच्या उपवासावर अवलंबून असतो. शेतकऱ्याला हे ठाऊक नसले तरी दलालाला पक्के ठाऊक असते. दलालाची कमाई ही पुष्कळ अंशी या माहितीचीच कमाई आहे.

आता चपलांकडे वळतो, कारण त्या तरुणाला मी हीच कथा सांगितली. जगभर 'कोल्हापुरी' म्हणून ओळखली जाणारी चप्पल केवळ कोल्हापुरात होते असे नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्यात अथणी, निपाणी व त्यांच्या आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या ती शिवली जाते. हिरडा आणि बाभळीची साल यांनी कमावलेले कातडे, हाताने विणलेली वेणी, दोन्ही बाजूंचे कान. शिवणारे हात कानडी बोलतात आणि नाव मराठी शहराचे! यावरून दोन राज्यांत तंटा होणे शक्य होते. परंतु २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांना मिळून. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार जिल्हे त्यात आहेत. सीमेवर इतकी वर्षे भांडण चालू असताना एका पायताणाने दोन्ही राज्यांना एका कागदावर आणले, याचे मला मोठे कौतुक वाटते.

तथापि कारागिराच्या पदरी काय पडले? २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील मिलान शहरात प्रादा या धनाढ्य कंपनीने आपल्या प्रदर्शनात अशाच घडणीच्या चपला मांडल्या. त्या कोठल्या, कोणाच्या, याचा तेथे उच्चार नव्हता. आपल्याकडे मोठा गवगवा झाला, तेव्हा त्या कंपनीने भारतीय कारागिरांचे ऋण मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये तिने दोन्ही महामंडळांशी करार केला. दोन्ही राज्यांत दोन हजार जोड बनवून घ्यायचे आणि जगभर विकायचे, असे ठरले. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो जाहीर झाली. आपल्या बाजारात हजार-दीड हजार रुपयांना जोड मागितला तर गिऱ्हाईक घासाघीस करते! कातडे तेच, वेणी तीच. मग हा फरक कशाचा? काही अंशी तो मोठ्या नावाचा आहे आणि श्रीमंतांच्या लहरीचा आहे. पण काही अंशी तो असा आहे की त्या लोकांना आपल्या गिऱ्हाईकाशी बोलता येते, आणि आपल्या कारागिराचा आवाज मधल्या चार दुकानदारांच्या पलीकडे कधी गेलाच नाही.

बोलणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कोल्हापुरी चप्पल चालताना करकर वाजावी, ही आपल्याकडील मर्दानी हौस. तिच्यासाठी तळाच्या थरांत मुद्दाम बी घालीत असत. नवी चप्पल पहिले आठ दिवस चावते, तिला तेल पाजावे लागते, आणि याला कोणी दोष मानीत नाही. परदेशी माणूस हीच चप्पल घालतो तेव्हा त्याला वाजणारी चप्पल मोडकी वाटते आणि चावणारी चप्पल तो परत आणून देतो. अथणीच्या चर्मकार स्त्रियांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी बंगळूरच्या एका संस्थेच्या साह्याने बचतगट उभारले, 'टो होल्ड' या नावाने आपला माल परदेशी पाठविला. परमुलखाच्या पेठेत उतरायचे तर असल्या आवडीनिवडी समजून घ्याव्याच लागतात. त्यात कसब सोडून देण्याचा प्रश्न नाही. कसब तेच ठेवून पाय कोणाचा आहे हे विचारायचे, इतकेच.

येथे कोणी म्हणेल, फादर, गोड बोलावे, ओळख ठेवावी म्हणजे सर्व काही साधते असे तुम्ही सांगत आहात. तसे मी सांगत नाही. ओळखीपाळखीवर चालणारा व्यापार किती निष्ठुर होऊ शकतो, हे निपाणीने पाहिले आहे. तेथील तंबाखूचे शेतकरी आणि व्यापारी यांची घरे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होती. तरीही दर ठरविण्याचे बळ एकाच बाजूला राहिले, आणि अखेर १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांना पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडावे लागले. ६ एप्रिल १९८१ रोजी तेथे गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणास मुकले. 'आमचे घरचे संबंध आहेत' असे म्हणून ज्याचा दर लिहून दिला जात नाही, त्या संबंधाला मी संबंध म्हणणार नाही. आपुलकी असावी आणि वहीही असावी. उलट, वहीमुळे आपुलकी टिकते असाच माझा अनुभव आहे.

आणखी एक नाजूक गोष्ट. ती टाळली तर हा लेख या भागासाठी लिहिला असे म्हणता येणार नाही. १९५६ पासून आपण सीमेवर राहतो, आणि भाषा हा आपल्याकडे केवळ बोलण्याचा विषय राहिलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ बसमधील एका भाषिक वादावरून दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस सीमेपलीकडे जाईनाशा झाल्या. त्या दिवसांत मोठ्या पेढ्यांचे फारसे अडले नसेल. अडले ते बसच्या टपावर टोपल्या चढवणाऱ्यांचे आणि पहाटेच्या गाडीने पलीकडच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांचे. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड असावे, असा कायदा २०२४ मध्ये झाला आहे. त्याविषयी घराघरांत निरनिराळी मते आहेत आणि ती असण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. दुकानदाराने कायदा पाळावा, एवढे मी सांगेन. आपल्या मुलांना उत्तम मराठी शिकवावी, हेही तितक्याच आग्रहाने सांगेन. पाटीला माप असते, जिभेला नसते. कन्नड गिऱ्हाईकाला कन्नडमध्ये "बर्री" म्हटल्याने आपली मराठी उणी होत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि कोकणीचे व्याकरणही लिहिले. तेवढ्याने त्यांचे इंग्रजपण गेले, असे कोणी म्हटल्याचे मला ठाऊक नाही.

असो. त्या तरुणाला मी उपदेश फारसा केला नाही. त्याची पत्नी मात्र चलाख निघाली. शेजारच्या कन्नड शिक्षिकेकडून तिने एका पुठ्ठ्यावर शब्द लिहून घेतले. बर्री म्हणजे या, कूड्री म्हणजे बसा, एष्टु म्हणजे किती. मग ऐदु, हत्तु, इप्पत्तु, ऐवत्तु, नूरु असे आकडे. आणि कोकणीसाठी 'कितले'. पुठ्ठा गल्ल्याच्या आतल्या बाजूस टांगला आहे, गिऱ्हाईकाला दिसत नाही. पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारी जी पेटी हल्ली चहाच्या टपरीवरही असते, तीही म्हणे हव्या त्या भाषेत बोलते. यंत्राला जे जमते ते मला जमू नये काय, असे ती हसत म्हणाली. दुकानात दोन स्टुले आली. भ्रमणध्वनी खणात गेला, निदान मी गेलो तेव्हा तरी तो खणात होता. आणि एक वही आली. तिच्यात गिऱ्हाईकाचे गाव, पायाचे माप आणि घरी काय विशेष आहे हे लिहिलेले असते.

गेल्या मंगळवारी मी तिकडून जात होतो. एक वृद्ध कन्नड बाई तुटलेला अंगठा घेऊन आल्या होत्या. चप्पल या दुकानातली नव्हती. तरुणाने ती मुकाट्याने हातात घेऊन दोन टाके घातले. "एष्टु?" असे बाईंनी विचारले. "एनिल्ल, अज्जी," तो म्हणाला. काही नको, आजी. 'अज्जी' हा शब्द त्याला शिकावा लागला नसावा, आपल्या 'आजी'च्या तो अगदी शेजारचा आहे. बाई जायला उठल्या आणि पुन्हा स्टुलावर बसल्या. निम्मे कन्नडमध्ये, निम्मे आपल्या बेळगावी मराठीत त्यांनी नातवाच्या लग्नाची हकीकत सुरू केली. मुलगी कोठली, मांडव कोठे, आहेराला काय काय. हप्ते अजून पुरते फिटलेले नाहीत, हे मला ठाऊक होते. तो तरुण ऐकत राहिला, आणि त्याच्या पत्नीने वही उघडून लिहिले: कार्तिकात लग्न, वऱ्हाडासाठी सहा जोड, नवऱ्या मुलाचे माप अजून घ्यायचे आहे.